सरपणातला भुंगा

१

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, पाच शहाण्यासुरत्या माणसांच्या डोळ्यांदेखत, एका मेलेल्या भुंग्यानं साक्ष फिरवली.

भुंग्याला मरून एकशे अकरा वर्षं झाली होती, त्यामुळे त्याला कुणी धमकावलं असेल अशी शंका पटकन कुणाला आली नाही. अंगठ्याएवढा तपकिरी जीव, पितळी टाचणीवर टोचलेला, आणि मिशा अंगाच्या दुप्पट. पोटाखाली त्याच टाचणीवर एकाखाली एक चार लेबलं, प्रत्येक अंगठ्याच्या नखाएवढं. वरच्या तीन लेबलांवर जातीचं नाव, संग्रहालयाचा क्रमांक आणि तारीख. चौथं, तळाचं, पालथं टोचलेलं होतं. ते उलटून वाचायची तसदी एकशे अकरा वर्षांत कुणी घेतली नव्हती.

दातवाले डॉक्टर सोडून.

डॉक्टरांनी पस्तीस वर्षं लोकांच्या दाढा काढल्या होत्या. निवृत्तीनंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते जीवसंग्रहालयात भुंगे साफ करायला फुकट येत. काम तेच होतं, फक्त भुंगे मध्येच चूळ भरायला उठत नसत. दोन शुक्रवारांपूर्वी त्यांनी सवयीनं आपला तोंडात घालायचा छोटा गोल आरसा त्या पालथ्या लेबलाखाली सरकवला आणि दोन शब्द वाचले. 'स्वयंपाकिणीने.' 'सरपणातून.' बाकीचं टाचणीआड होतं. आरशातला फोटो काढून पाहिला, तर त्यात डॉक्टरांची डावी नाकपुडी फार सुरेख आली.

शेजारच्या टेबलावर लेबलताई बसायच्या. संग्रहालयातलं प्रत्येक लेबल त्यांच्या हातचं. दोन शब्द ऐकले आणि त्यांनी टाक खाली ठेवला.

"डॉक्टरकाका, परत वाचा."

डॉक्टरांनी परत वाचलं.

"आमची थोरली आई," ताई म्हणाल्या. "माझी पणजी. महाशोधकांच्या तळावर स्वयंपाकाला होती. लाकूड फोडताना एक मिशाळ किडा निघाला आणि तो मी साहेबाला दिला, असं ती मरेपर्यंत सांगायची. घरात सगळे हसायचे. मीसुद्धा हसायचे, काका."

महाशोधक म्हणजे ज्यांच्या नावानं संग्रहालयात त्या सोमवारी नवं दालन उघडायचं होतं ते. ते चाळीस हमाल, दोन बंदुका आणि एक पत्र्याचा टब घेऊन जगभर हिंडले आणि त्यांनी दोनशे बारा नव्या जाती शोधल्या, त्यांतल्या अकरा दोनदा. मिशाळ भुंगा हा त्यांचा सगळ्यांत गाजलेला शोध. त्याला त्यांनी आपल्या घोड्याचं नाव दिलं. घोडा तेव्हा घरी होता, समुद्रापलीकडे, तबेल्यात.

ताईंनी रीतसर अर्ज केला: चौथं लेबल काढून वाचावं, आणि तसं असेल तर दालनातल्या पाटीवर तसं लिहावं. संचालकांनी सोमवारची वेळ दिली. आणि सोमवारी, संचालक, महाशोधकांचे नातू, लेबलताई आणि डॉक्टर यांच्यासमोर, भुंग्यांच्या विभागप्रमुख बाईंनी चिमट्यानं चौथं लेबल अलगद उतरवलं, उलटं केलं आणि वाचलं.

"'घनदाट अरण्यात स्वतः पकडला.'"

खोलीत डांबरगोळ्यांचा वास तेवढा राहिला.

"ताई," संचालक म्हणाले, "आज पाच वाजता पाहुणे येताहेत. साडेचारला मला लेखी माफीनामा हवा. आणि त्याच कागदावर राजीनामा, म्हणजे कागद वाया जायला नको."

२

"मी वाचलंय," डॉक्टर म्हणाले.

"आरशात," संचालक म्हणाले. "आरशात अक्षरं उलटी दिसतात, डॉक्टर."

"पस्तीस वर्षं मी उलटंच बघून तुमच्या दाढा कोरल्या. तुमची वरची डावी अजून जागेवर आहे ना?"

संचालकांनी जीभ त्या दाढेवरून फिरवली. होती.

"मला साडेचारपर्यंत वेळ द्या," डॉक्टर म्हणाले. "आणि ती चार लेबलं बघू द्या. हात लावत नाही."

ज्यानं आपल्या दाढेची मुळं पाहिली आहेत त्याला नाही म्हणणं जड जातं. संचालकांनी हो म्हटलं आणि ते दालनाकडे गेले. तिथं फीत कापायचा सराव चालला होता. सकाळपासूनच्या सरावात त्यांनी स्वतःचा टाय कापला होता, त्यामुळे तो आता छातीच्या मध्यावर संपत होता.

डॉक्टरांनी डोळ्याला भिंग लावलं. जुन्या पितळी टाचणीचं एक असतं. भुंग्याच्या अंगातलं तेल पितळेत मुरत राहतं आणि पितळ कळकतं, आंबट ठेवलेल्या भांड्यासारखं. तो हिरवा कळंक टाचणीवरून कागदात उतरतो. पहिल्या लेबलाच्या भोकाभोवती हिरवं कडं होतं. दुसऱ्याच्या भोवती होतं. तिसऱ्याच्या भोवती तर जुन्या दातावर कीटण चढावं तसं जाड होतं.

चौथ्याचा कागद जुना होता, पिवळा, कडांना खाल्लेला. शाई तपकिरी पडलेली. आणि भोक कोरं. कालच कान टोचून आल्यासारखं.

"हे लेबल या टाचणीवर एकशे अकरा वर्षं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "चार दिवससुद्धा नव्हतं. कुणीतरी खरं काढून हे बसवलंय."

ताई धावत संचालकांना बोलवायला गेल्या. संचालक आले, त्यांनी भिंगातून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा," ते म्हणाले. "म्हणजे गुन्हा झालाय. मी तर समजत होतो, नुसती चूक आहे." ते ताईंकडे वळले. "भुंग्यांच्या कपाटाच्या किल्ल्या तीन. एक माझी, एक बाईंची, एक तुमची. पाटीवर पणजीचं नाव कुणाला हवंय? तुम्हाला. तुम्ही आधी स्वयंपाकिणीचं खोटं लेबल बसवलंत, ते डॉक्टरांना दाखवलंत, मग घाबरून हे बसवलंत. आता राजीनामा नको. आता मी काढूनच टाकतो."

डॉक्टरांनी आयुष्यात एकदाच चुकीची दाढ काढली होती. आज ती दुसरी वेळ आल्यासारखं त्यांना वाटलं.

३

ताई रडल्या नाहीत. त्या आपल्या टेबलाशी बसल्या आणि टाकांची निबं एकेक करून पुसू लागल्या.

"शुक्रवारी मी पुन्हा आरसा लावला तेव्हा जुनंच होतं. शनिवारी-रविवारी कपाट कुणी कुणी उघडलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"शनिवारी संचालकांनी, नातूसाहेबांना भुंगा दाखवायला. रविवारी दुपारी पेंढामामांनी माझ्याकडनं किल्ली घेतली, डांबरगोळ्या संपल्या म्हणून. आणि बाई रविवारी संध्याकाळपर्यंत होत्या, त्यांच्या तिसऱ्या खंडाची प्रुफं तपासत. काका, मला एक सांगा. घोड्याचं नाव चालतं. घोड्याला कुणी विचारलं नाही, तू होतास का तिथं म्हणून. माझ्या पणजीलाच पुरावा का लागतो?"

डॉक्टर उठून पेंढामामांकडे गेले.

पेंढामामा मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरायचे. तळमजल्यावर ते एका पाणमांजराच्या पोटात जुन्या कागदांचे बोळे कोंबत बसले होते. बोटं अशी की एकेका बोटाला वेगळी बाही शिवावी लागेल.

"जुना कागद?" डॉक्टरांनी विचारलं.

"रद्दी. पेंढा महाग झालाय." मामांनी एक बोळा उघडून दाखवला. वर्तमानपत्र होतं, गेल्याच महिन्याचं. "तुम्ही त्या लेबलाचं विचारायला आलाय. मी नाही. एकदा लेबल गहाळ केलं होतं आयुष्यात, पुन्हा हिंमत नाही."

"कुठलं लेबल?"

"याच्या बापाचं." मामांनी पाणमांजराकडे मान हलवली. "पायाचं लेबल सुटलं, मी झाडून टाकलं. बाईंना कळलं. तीन दिवस मला कचरा उपसायला लावला. सापडल्यावर म्हणाल्या, 'त्याची माफी मागा.' मी म्हटलं, पाणमांजराची? म्हणाल्या, 'लेबलाची.'"

"मागितलीत?"

"मोठ्यानं. दोनदा. पहिल्यांदा मनापासून वाटली नाही म्हणाल्या."

नातूसाहेब वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोलीत बसले होते, सत्तर उलटलेले, कोटाला फूल लावलेलं. हातातला चहाचा कप बशीवर असा वाजत होता की खोलीत टांगा आल्यासारखं वाटत होतं. नव्या दालनाचा खर्च त्यांनी दिला होता.

"हात असे कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाच वर्षं झाली. सही करायला दोन पानं लागतात." ते कपाकडे बघत राहिले. "डॉक्टर, खरं सांगू? मला आजोबा आठवतात ते टबात बसलेले. सगळे म्हणतात थोर माणूस. असतील. मी फक्त पाठ घासायचो."

"त्यांच्या प्रवासातल्या वह्या तुमच्याकडे आहेत?"

"होत्या. चार वर्षांपासून बाईंकडे आहेत, पुस्तकासाठी. बऱ्याचशा मागून कोऱ्याच आहेत. आजोबा हौसेनं वही सुरू करायचे."

डॉक्टर उठता उठता थांबले. एकशे अकरा वर्षांचा कोरा कागद काही दुकानात मिळत नाही.

४

बाईंच्या खोलीच्या दारावर हातानं लिहिलेली चिठ्ठी होती: 'दार हळू लावावे.' डॉक्टर ती वाचून दार लोटणार, तोच त्यांचा हात थबकला. हे अक्षर त्यांनी तासाभरापूर्वी पाहिलं होतं, माणसाच्या उंचीचं. नव्या दालनाच्या भिंतीवर महाशोधकांच्या वहीतलं एक पान मोठं करून लावलं होतं. तीच मागे कललेली मान, तीच प्रत्येक शब्दाच्या शेवटी फेटा सुटल्यासारखी लांब शेपटी.

तीस वर्षं एकाच माणसाचं हस्ताक्षर वाचत बसलं की ते अंगात येत असावं. काहींच्या अंगात देव येतो.

आत पुस्तकांच्या भिंती. टेबलावर महाशोधक-चरित्राचे दोन जाड खंड आणि तिसऱ्याच्या प्रुफांचा गठ्ठा. बाई ताठ बसल्या होत्या, केस इतके चप्प की त्यांनाही क्रमांक दिले असावेत.

"बसा. खुर्ची सरकवू नका, तिची जागा ठरलेली आहे."

डॉक्टर बसले. "तिसऱ्या खंडात हा भुंगा आहे?"

"एक सबंध प्रकरण. तीन दिवसांचा ताप, गुडघाभर चिखल, एकटा माणूस, हातात जाळी. माझं सर्वांत चांगलं प्रकरण आहे ते."

"आणि तो सरपणातून निघाला असेल तर?"

"तर प्रकरण नाही." बाईंनी चष्मा काढून पुसला. "डॉक्टर, ही माणसं काय होती तुम्हाला कल्पना नाही. घरदार सोडून नकाशाबाहेर गेली. कुणी बुडाली, कुणी तापानं गेली, कुणाच्या वीस वर्षांच्या पेट्या जहाजासकट जळाल्या. आज आपल्याला जीवसृष्टीचं जे काही कळतं ते त्यांच्यामुळे. आणि तुम्ही म्हणता, स्वयंपाकीण. उद्या म्हणाल, घोड्यानं शोधला."

"नाव तर घोड्याचंच आहे."

बाई हसल्या नाहीत.

"त्यांना वाट दाखवली कुणी?" डॉक्टरांनी विचारलं. "कुठल्या झाडात काय राहतं ते सांगितलं कुणी? पेट्या उचलल्या कुणी? ते चाळीस हमाल तुमच्या खंडांत कुठं आहेत?"

"दुसऱ्या खंडात. पान दोनशे चार. 'चाळीस हमाल' असं स्पष्ट लिहिलंय."

"नावं?"

"त्या बाईला तो किडा ठाऊक असेल. गावात सगळ्यांनाच असेल, पोरं त्याला दोरा बांधून उडवत असतील. ठाऊक असणं वेगळं, शोध लावणं वेगळं."

"म्हणजे शोध लावायला आधी काही ठाऊक नसावं लागतं," डॉक्टर म्हणाले. "मग सगळ्यांत जास्त शोध मीच लावायला हवे होते."

ते रागावले होते. त्यांचा राग बाहेर यायचा नाही. तो दाढेतल्या पुवासारखा आत ठणकायचा. उठताना त्यांनी खुर्ची मुद्दाम दोन बोटं सरकवली. डॉक्टर दाराबाहेर पडायच्या आत बाईंनी ती जागेवर नेली.

आता त्यांना कोण ते कळलं होतं. हातात मात्र काही नव्हतं. अक्षर सारखं आहे, हा काही पुरावा नाही. कागद जुना आहे, हाही नाही. खरं लेबल हवं होतं. आणि अंगठ्याच्या नखाएवढा कागद नाहीसा करायला काय लागतं? एक काडी. एक फुंकर. गिळला तरी पाणी लागत नाही.

चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

५

ताई टेबलाशी बसून राजीनामा लिहीत होत्या. काढून टाकायच्या आधी आपणच जायचं ठरवलं होतं. सवयीनं अक्षर इतकं बारीक झालं होतं की अख्खा राजीनामा आगपेटीवर मावला असता.

"माफीचं वाक्य लिहवत नाही," त्या म्हणाल्या. "तीनदा फाडलं. काका, मी अकरा वर्षं इथं आहे. साडेनऊ हजार लेबलं लिहिली मी. 'शोध: अमुक साहेब. शोध: तमुक साहेब.' एकदाही वाटलं नाही की साहेबाच्या हातात तो जीव कुणी दिला असेल. माझ्याच घरात ती गोष्ट होती आणि मी साहेबांची नावं वळणदार काढत बसले."

डॉक्टर त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसले. "खरं लेबल जाळलं असेल तर सगळं संपलं, पोरी."

ताईंनी मान वर केली. इतका वेळ त्यांच्यावर चोरीचा आळ होता, नोकरी चालली होती, पणजी खोटी ठरली होती, पण एवढा धक्का त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसला नव्हता.

"जाळलं? लेबल?"

"का? चोर काय करणार?"

"काका, लेबल जाळत नाहीत." त्या लहान मुलाला समजावल्यासारखं बोलत होत्या. "फाडत नाहीत, फेकत नाहीत. चुकीचं असलं तरी ठेवतात. नवं खाली टोचायचं, जुनं तिथंच. आणि काही कारणानं टाचणीवरून उतरलंच, तर सुट्या लेबलांच्या पेटीत जातं आणि वहीत नोंद होते. हा पहिला नियम आहे. बाईंनी मला पहिल्या दिवशी हाच शिकवला, दुसरा शिकवायला महिना लावला."

डॉक्टरांना पेंढामामा आठवले, कचऱ्यात उभे राहून कागदाच्या कपट्याची मोठ्यानं माफी मागणारे. पहिल्यांदा मनापासून वाटली नाही म्हणून दुसऱ्यांदा.

"ती पेटी," ते सावकाश म्हणाले, "कुठं असते?"

"बाईंच्या खोलीबाहेरच्या फडताळात. कुलूपसुद्धा नसतं. सुटी लेबलं कोण नेणार?"

दोघं एकाच वेळी उठली आणि स्टूल आडवं झालं. ते उचलायला कुणी थांबलं नाही.

६

साडेचार वाजता संचालकांच्या खोलीत तेच पाचजण जमले. सहावे पेंढामामा, कारण डॉक्टरांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. खाली पाहुण्यांच्या गाड्या यायला लागल्या होत्या.

"थोडक्यात सांगा," संचालक म्हणाले.

"सांगतो. लेबल बदलायला टाचणी पेटीच्या तळाच्या बुचातून उपसावी लागते. या भुंग्याच्या मिशा पेटीच्या कडांना टेकतात आणि एकशे अकरा वर्षं वाळल्यात. श्वास लागला तरी तुटतील. सकाळी दोन्ही शाबूत होत्या. तेव्हा हे काम तुमचं नाही, तुमच्या हातून स्वतःचा टाय सुटला नाही. नातूसाहेबांचं नाही, त्यांचा कप ऐका. मामांचं नाही, त्यांची बोटं बघा."

मामांनी बोटं मागे लपवली.

"उरल्या दोघी. ताईंना ते लेबल हवं होतं, ते असण्यावर त्यांची भाकरी होती. तुम्ही म्हणता, त्यांनी आधी एक खोटं बसवलं, मग दुसरं. पण मी पहिलं खालून आरशात पाहिलं तेव्हा त्याच्या भोकाभोवती हिरवं कडं होतं. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता, नुसतं कीटण आठवलं होतं. कळंक महिनाभरात चढत नाही, संचालक. तो चढवायला पितळेला आयुष्य लागतं." डॉक्टर बाईंकडे वळले. "जुना कागद महाशोधकांच्या वह्यांचा, त्या तुमच्याकडे. अक्षर त्यांचं, तेही तुमच्याकडे; तुमच्या दारावर चिकटवलंय. बाई, तुमचं पितळ उघडं पडलंय."

"ही अनुमानं आहेत," बाई शांतपणे म्हणाल्या. "ते जुनं लेबल कुठाय? दाखवा."

ताईंनी काखेतून एक लांबोडकी वही काढली, खुणेचं पान उघडलं आणि वाचलं.

"'रविवार. सुटे लेबल, नग एक. मिशाळ भुंग्याच्या टाचणीवरून उतरवले. पालथे होते. भोकाभोवती कळंक. शाई ठळक. स्थिती उत्तम. पेटी तीन, कप्पा सात.' आणि खाली तुमची सही, बाई."

संचालकांचं तोंड उघडं राहिलं आणि डॉक्टरांना सवयीनं वरची डावी दिसली.

"तुम्ही नोंद केलीत?" नातूसाहेबांनी विचारलं. त्यांना खरोखरच कुतूहल वाटलेलं दिसत होतं. "चोरी केलीत, आणि नोंद केलीत?"

बाईंच्या गालांवर प्रथमच रंग चढला. "मग काय करायचं होतं?" त्या म्हणाल्या. "फेकून द्यायचं? मला काय समजता तुम्ही?"

पेंढामामांनी घसा साफ केला. "लेबलाची माफी मागा," ते म्हणाले.

ताईंनी कागदी पाकीट उघडून चिमट्यानं खरं लेबल टेबलावर ठेवलं. हिरव्या कड्याचं, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांचं. शब्दांच्या शेपट्या लांब होत्या, पण या घाईत सुटलेल्या होत्या, कोरलेल्या नव्हत्या. महाशोधकांचा स्वतःचा हात. डॉक्टरांनी भिंग पुढे केलं. ताईंनी वाचलं.

"'सरपणातून. स्वयंपाकिणीने आणून दिला. मी दोनदा फेकला, तिने दोनदा परत आणला. तिचे नाव विचारणे.'"

खाली बँडवाल्यांनी वाद्यं लावायला सुरुवात केली. एक तुतारी पुन्हा पुन्हा चुकत होती.

"हे आपण उद्घाटनानंतर बघू," संचालक म्हणाले. "शांतपणे. एखादी समिती नेमून."

"नाही," ताई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नव्हता, तरी संचालक खुर्चीत मागे सरकले. "त्यानं दोनदा फेकला. तुम्ही तिसऱ्यांदा फेकताय. तिनं दोनदा परत आणला तो, चुलीवरचं काम सोडून, साहेबाची बोलणी खाऊन. तिला ओळखू आलं होतं की हा वेगळा आहे. त्याला आलं नव्हतं. याला शोध नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? पाटी आज बदलेल. नाहीतर मी हे लेबल आणि ही वही घेऊन खाली पाहुण्यांत जाते आणि भिंगातून एकेकाला दाखवते. रांग लावून."

"पाटी बदला," नातूसाहेब म्हणाले. "आजोबांनी काम लिहून ठेवलंय आणि केलेलं नाही. त्यांची सवयच होती." ते कष्टानं उठले. "आणि बाई, तुमचा तिसरा खंड माझ्या घरच्या वह्यांवरून छापला जाणार नाही. त्या उद्या परत पाठवा. पानं मोजून."

बाईंनी मान हलवली. मग हात पुढे करून वही स्वतःकडे ओढली. "ते दुसरं लेबल," त्या म्हणाल्या. "मी केलेलं. तेही आता सुटं आहे." डॉक्टर बघत राहिले. बाईंनी पुढची ओळ लिहिली, त्याच लांब शेपट्यांनी: 'सुटे लेबल, नग एक. खोटे. स्थिती उत्तम.' आणि सही केली. मग किल्ली टेबलावर ठेवून त्या बाहेर गेल्या. दार हळू लावलं.

संचालकांनी टायचं टोक शोधलं, ते नव्हतं. "ठीक आहे," ते म्हणाले. "पाटीवर काय लिहायचं? नाव सांगा. काय होतं तुमच्या पणजीचं नाव?"

ताईंनी तोंड उघडलं.

आणि तसंच राहू दिलं.

"थोरली आई म्हणायचे," त्या अखेर म्हणाल्या. "सगळेच."

"ते झालं घरातलं. नाव?"

ताईंनी घरी फोन लावला. पलीकडे त्यांची आई कढईत काहीतरी परतत असावी, आवाज येत होता. "थोरल्या आईचं नाव?" आई म्हणाली. "अगं, थोरली आई. तिला आणि कशाला नाव हवं? जेवायला येतेयस ना?"

ताईंनी फोन ठेवला. डॉक्टरांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. इतका वेळ त्या ज्यांच्यावर चिडल्या होत्या त्या सगळ्यांची नावं त्यांना पाठ होती. आता ज्यांच्यावर चिडायचं होतं ते घरचे होते, आणि त्यांत त्या स्वतः होत्या.

उद्घाटन पाच वाजून पंचवीस मिनिटांनी झालं. संचालकांनी फीत पहिल्या प्रयत्नात कापली. भुंग्याच्या काचपेटीखाली ताईंनी घाईघाईत लिहिलेली नवी पाटी होती: 'सरपणातून शोधला. शोध: ______, स्वयंपाकीण.' मधली जागा त्यांनी चांगली ऐसपैस सोडली होती. टाचणीवर जुनं लेबल परत गेलं होतं, या वेळी उताणं. पाहुणे वाकून बघत होते आणि एक आजीबाई आपल्या नातीला विचारत होत्या, इथं काही लिहायचं राहिलंय का.

डॉक्टर ताईंना शोधत मागच्या खोलीत आले. त्या आपल्या टेबलाशी होत्या. राजीनाम्याचा कागद पालथा घालून त्यावर त्यांनी नातेवाइकांची यादी केली होती, वयानुसार, सगळ्यांत म्हातारे वर. सात नावांवर काट होती. त्यांनी निब पुसलं, टाक शाईजवळ तयार ठेवला आणि आठवा नंबर फिरवला.

"हॅलो, चुलतआजी? मी बोलतेय. नाही, नाही, सगळं बरं आहे. एक विचारायचं राहिलं होतं."